महामारी कुणाच्या वाट्याला

जगाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा आई-बाबा एकमेकांशी बोलत होते. दोघंही इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. दोघं मिळून एक जाडजूड पुस्तक लिहा, असं प्रकाशकांनी म्हटलं, आणि दोघांनी आनंदानं पृथ्वी वाटून घेतली. पूर्व बाबांची, पश्चिम आईची. मग मुखपृष्ठावर आधी नाव कुणाचं यावरून जे बिनसलं, ते बिनसलंच. अबोला सुरू झाला. बाबा पुढच्या खोलीत लिहीत, आई जेवणाच्या टेबलावर, आणि मधल्या बोळात त्यांची मुलगी येरझाऱ्या घालत असे.

तिला घरात छोटी म्हणत. बत्तीस वर्षांची फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना मोकळ्या करणारी बाई, पण उंबऱ्याच्या आत आली की छोटी आणि निरोप पोचवणारी.

"आईला सांग, इजिप्त माझं आहे."

"बाबांना सांग, नकाशा बघा म्हणावं. दिसत नसेल तर चष्मा बदला."

शेवटी इजिप्त दोघांनीही लिहिलं, त्यामुळे त्या पुस्तकात पिरॅमिड दोनदा बांधले गेले. कागदाच्या शोधावर दोघांनी पानंच्या पानं खर्ची घातली. आईच्या भागात सिकंदर घरातून निघतो तो परत येतच नाही, आणि बाबांच्या भागात हा गृहस्थ मुळात उपटला कुठून याचा पत्ता लागत नाही. एवढे शिकलेले लोक, पण हट्टाला पेटले की शाळकरी पोरं परवडली. छोटीच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

आणि तिचं स्वतःचं घोडं अडलं होतं ते निराळंच. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि घरात तिनं चकार शब्द काढला नव्हता. काढणार कसा? ती गेली की या दोघांना एकमेकांकडे मीठ मागायलाही माणूस उरणार नव्हतं. पुस्तक एकदाचं छापायला गेलं की अबोला सुटेल, मग सांगू, असं ती महिनाभर स्वतःला समजावत आली होती.

शनिवारी सकाळी प्रकाशकांचा फोन आला. "अहो, चौदाव्या शतकातली प्लेगची महामारी कुठंय? एवढी माणसं मेली, आणि दोन्ही भागांत तिचं नावसुद्धा नाही! संध्याकाळपर्यंत प्रकरण द्या, नाहीतर पुस्तक गेलं पुढच्या वर्षावर."

छोटी बाबांकडे धावली. त्यांनी मानही वर केली नाही. "ती आईची. तिच्याकडची गावंच्या गावं ओस पडली."

आईनं पेन्सिल खाली ठेवली. "पण आली कुठून? उंटांच्या तांड्यांबरोबर, त्यांच्याच मुलखातून! ज्यांची त्यांनी लिहावी."

"माझ्याकडून कागद पश्चिमेला गेला, तेव्हा तो तिनं आपल्या भागात घेतला ना? मग हेही घे म्हणावं."

तिसऱ्या फेरीला छोटी बोळाच्या मधोमध थांबली. कागदावर दोघांचा हक्क, पिरॅमिडवर दोघांचा हक्क, आणि हे एवढं मरण मात्र कुणाचंच नाही? तिचं टाळकंच सरकलं. ती पुढच्या खोलीत गेली, बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्यांना दंडाला धरून जेवणाच्या टेबलापर्यंत आणलं आणि आईसमोर बसवलं.

"मी आता इकडचा एक शब्द तिकडे करणार नाही. लिहा, नाहीतर बसा असेच."

दोघं बसले तसेच. बाबा टेबलावरचा कसला तरी डाग नखानं खरवडत होते. मग आई त्या डागाकडे बघतच म्हणाली, "बंदरापर्यंत तुम्ही आणा. जहाज लागलं की पुढचं मी लिहिते."

"बंदर कुणाचं?"

"बंदर माझं!"

"घे. पण वाटेतली गावं मी गाळणार नाही. तिथंही माणसं मेली."

"गाळायला कोण सांगतंय?"

मग जी जुंपली ती दुपारभर. आवाज चढले, एकाच ओळीवर दोघांच्या पेन्सिली चालल्या, आणि प्रकरण तयार झालं. छोटीनं ते प्रकाशकांना पाठवून दिलं, तरी कच्च्या कागदावर दोघांची खाडाखोड चालूच होती. सुटलो एकदाचे, असं तिला वाटायला हवं होतं. पण टेबलाशी उभी राहून ती दोघांकडे बघतच राहिली. हे त्यांना इतके दिवस जमत होतं की! नुसतं समोर बसायचं होतं. त्यासाठी तिचं अख्खं वर्ष बोळात गेलं होतं. तिला त्यांचा मनस्वी राग आला, आणि त्या रागातच ती बोलून गेली.

"मी सोमवारी जातेय. दुसऱ्या शहरात, नोकरीला. महिना झाला ठरून."

पेन्सिली थांबल्या. बाबांनी चष्मा काढला. मग दोघांच्या तोंडून एकदमच आलं,

"माझ्यामुळे?"

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

"दोघांमुळे," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि आता तेही वाटून घेत बसू नका."