एव्हर्टची उत्तरं

"योर्दिस, अजूनही सांग, तो प्रवेश काढून टाकू," दिग्दर्शक शेल पुटपुटला. "बाकावर एकटी बसून नवऱ्याशी भांडणार? लोक हसायचं सोडून रडतील."

"रडू देत की. तिकीट काढलंय त्यांनी," योर्दिस म्हणाली आणि तिने विग घट्ट केला.

नववर्षाच्या पहिल्या दुपारची रेव्ह्यू, नकला-गाण्यांचा तो खेळ, म्हणजे गावाची वार्षिक बिनपाण्याची हजामत. नगरपालिका, पाद्री, बसवाले, कुणी सुटायचं नाही. त्यात योर्दिस आणि एव्हर्टचा बसथांब्यावरचा प्रवेश एकतीस वर्षं ठरलेला. ती कटकट करणार, तो दोन शब्दांत तिला गार करणार. स्टॉकहोमला तिने एक हंगाम काढला होता, सिनेमात दोनदा मोलकरीणही झाली होती. पण नाव झालं ते याच बाकावर. रंगमंचावर नवरा तोच, घरीही तोच. सप्टेंबरात तो गेला.

आणि नाताळात तिच्या लक्षात आलं, की आपल्याला त्याचा आवाज आठवतच नाही. शब्द सगळे आठवत होते, आवाज मात्र पार पुसला गेला होता. रेकॉर्डिंग कधी केलंच नव्हतं. फुकटात कशाला ऐकवायचं, असं तोच म्हणायचा. त्याच्या उत्तरांपुरतं थांबायचं, मग त्या जागेत आवाज परत येईल, एवढ्याच आशेवर ती आज उभी होती. शेलला हे सांगून काय डोंबल कळणार?

बाहेर तीनलाच अंधारून आलं होतं. विंगेत तर डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. रंगमंचावर जाणाऱ्याला मागून गुडघा मारायचा, हा इथल्या नटांचा शकुन. गुडघा खाणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. मानले की शकुन फुकट गेला. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं.

तिला मागून गुडघा बसला. एव्हर्ट मारायचा तसाच, जरा डावीकडे.

"थँक्यू रे," ती बोलून गेली.

तिने जीभ चावली आणि वळून हात पुढे केला. हाताला गार भिंत लागली.

बाकावर बसून तिने पहिलं वाक्य टाकलं, "बस येणार आहे, की तीही तुझ्यासारखीच?" आणि थांबली. काहीच नाही. तोच हॉलमध्ये हशा उसळला, अगदी पोटातून. दुसरं वाक्य, थांबणं, पुन्हा हशा. पहिल्या रांगेतला म्हातारा पाववाला तिच्याकडे बघतच नव्हता. बाकावरच्या मोकळ्या जागेकडे बघत डोळे पुसत होता. योर्दिस जिवाचा कान करून ऐकत होती. ऐकू येत होती ती फक्त दिव्यांची घरघर.

तिचं शेवटचं वाक्य झालं. त्यावर एव्हर्टचं उत्तर लिहिलेलंच नव्हतं. तरी सगळा हॉल चिडीचूप झाला आणि बऱ्याच वेळाने टाळ्या पडल्या.

कपडेपट सांभाळणारी सिग्ने मेकअपच्या खोलीत कॉफी घेऊन आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते. शेल दारात पांढराफटक पडून उभा होता.

"आवाज तस्साच गं," सिग्ने म्हणाली. "जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा."

योर्दिसने कप हातात धरून ठेवला. "शेवटी काय म्हणाला?"

"ते कसं कळणार आम्हाला? अगदी हळू बोलला. आम्ही म्हटलं, नवराबायकोचं आहे, कशाला कान द्या."

"हो," योर्दिस म्हणाली. "माझ्यासाठीच होतं ते."

मग आरशाकडे वळून ती विगच्या पिना एकेक काढू लागली.