ग्लोबलचा अर्थ सांगताना

माधवीताईंनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि तेल्हाऱ्यावर बोट टेकवलं. बोटाखाली अख्खा विदर्भ झाकला गेला, तसे पालक हसले.

शाळेचं नाव आजपासून ग्लोबल स्कूल होणार होतं. नावाचा अर्थ समजावण्याचं काम अमोलनं ताईंवर सोपवलं होतं. "पालकाईले सोपं करून सांगजा, ताई. तुमच्यासारखं कोणाले जमत नाई." दोघांनी टिनाच्या शेडमध्ये ही शाळा सुरू केली, तेव्हापासून तो असंच म्हणायचा आणि ताई दर वेळी खूश व्हायच्या.

"ग्लोबल वार्मिंग तं तुमाले कपाशीनंच शिकवलं," ताई म्हणाल्या. "तिथं ग्लोबल म्हंजे साऱ्या जगाचं. पण दुसराही अर्थ हाय. सगळ्याले धरून, कोणालेच न वगळता. मले तोच जास्त आवडते."

टाळ्या पडल्या. अमरावतीहून आलेले नवे संस्थाचालकही टाळ्या वाजवत होते. ताई खुर्चीकडे वळल्या, तर समोर अमोल शाल-नारळ घेऊन उभा.

या शाळेत पाहुण्यांना फूल देत. शाल फक्त शाळा सोडून जाणाऱ्याला. नियम ताईंनीच घातलेला. कोण चाललंय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसता फळा होता.

पहिल्या रांगेतली रुख्मिणी उठून उभी राहिली. तिची तिन्ही पोरं ताईंच्या हाताखाली शिकली होती.

"मॅडम चालल्या का?"

"शाळा हाती घेताना अमरावतीवाल्याईची अटच होती," अमोल ताईंना हळूच म्हणाला. "त्याईले त्याईचीच प्रिन्सिपल पायजे."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी हो म्हटलं नसतं, ताई."

"अन् नावाचा अर्थ मात्र माह्याच तोंडून वदवला."

त्यानं शाल पुढे केली. ताईंचे डोळे भरून आले. ज्याला धाकटा भाऊ मानलं, त्यानंच केसानं गळा कापला होता.

त्यांनी त्याच्या हातातून शाल घेतली. घडी उलगडली आणि त्याच्याच खांद्यांवर नीट पांघरली. नारळ त्याच्याकडेच राहू दिला.

शाल पांघरली की टाळ्या वाजवायच्या, एवढं पालकांना ठाऊक होतं. रुख्मिणी सोडून सगळ्यांनी वाजवल्या.