दोन गाण्यांच्या आत

आमच्या गावात एप्रिलच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी कोणी लग्न ठरवत नाही. ठरवलंच, तर मांडवात नवरा-नवरीशिवाय माणूस सापडणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला कॉलेजच्या रेडिओवर पहिला प्रश्न येतो आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत शेवटचा. प्रश्न असले, की कुठल्याशा जुन्या सिनेमात न्हाव्याच्या दुकानात किती आरसे होते. प्रश्न दोनदा वाचतात आणि मग दोन गाणी लावतात. दुसरं गाणं संपायच्या आत कॉलेजला फोन करून उत्तर सांगायचं. एका फोनला एकच उत्तर. पलीकडचा विद्यार्थी ऐकू येईल तसं कागदावर लिहितो, आणि त्याने लिहिलं तेच तुमचं उत्तर. त्रेचाळीस वर्षं हे असं चाललंय.

आमच्या संघाचं नाव 'ओले मोजे'. पहिल्या वर्षी वितळत्या बर्फातून चालत आम्ही वेंडेल कुलासच्या तळघरात जमलो, तेव्हा सगळ्यांचे मोजे त्याच्या बॉयलरवर वाळत पडले होते. नाव नोंदवायला फोन लागला आणि वेंडेलने समोर दिसलं ते सांगून टाकलं. त्या दिवसापासून फोन त्याचाच. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या टिपणांच्या वह्या चाळायच्या, भांडायचं, उत्तर काढायचं. बोलणार मात्र वेंडेल. कागदाच्या गिरणीत तेहतीस वर्षं यंत्राच्या वरताण बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्याचा शब्द फोनमध्ये खणखणीत पोचायचा. भिंतीवरचा वायरवाला फोन, त्याच्याखाली लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय महिन्याभरात ताळ्यावर आले, जीभ आली नाही. त्याला सगळं समजायचं. शब्द डोळ्यांसमोर दिसायचाही, पण तोंडापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी बसून राहायचा. एबीसीडी तर साफ पुसून गेली होती. 'दूध' हा अख्खा शब्द तो वाचू शके, पण त्यातली अक्षरं एकेक करून सांग म्हटलं की माझ्याकडे बघत राही.

ऑक्टोबरात त्याची मुलगी डार्सी त्याला माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आली. डार्सी आमच्या संघाची कप्तान. चौथीत ती माझ्या वर्गात होती. तशी गावातली निम्मी माणसं माझ्या वर्गातून गेलेली आहेत, म्हणून मला सगळं गाव 'बाई' म्हणतं. वेंडेलसुद्धा, जरी तो माझ्याहून फक्त दोनच वर्षांनी लहान आहे. मी चहाचं आधण ठेवलं. ते उकळेपर्यंत त्याने तीन शब्द काढले.

"एप्रिल. फोन. मी."

उरलेलं डार्सीने सांगितलं. त्याने संघाला कबूल केलं होतं, की या एप्रिलमध्ये त्याच्या तोंडचं एक तरी उत्तर धरलं गेलं नाही, तर खुर्ची ग्लेनला. ग्लेन दुधाचा टँकर चालवतो. त्याचा आवाज चांगला आहे, आणि त्या खुर्चीवरून वीस वर्षं तो वेंडेलला चिडवत आला आहे. आता मात्र तो चिडवत नव्हता, आणि डार्सीच्या मते बाबांना तेच जास्त लागलं होतं.

हॉस्पिटलातल्या बाई आठवड्यातून एकदा त्याचा अभ्यास घेत. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार घेतला. लहान मुलांना वाचायला शिकवताना जे करते तेच केलं. शब्दाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर बोटाने टकटक करायची. बोट पुढे गेलं की जीभ त्याच्या मागोमाग येते. मुलांना हे सांगावं लागत नाही. मोठ्यांना आधी लाज वाटते. वेंडेलला आठवडाभर वाटली, मग संपली. डिसेंबरात दाराबाहेर दीड हात बर्फ असताना तो काठी टेकत यायचा आणि कोट न काढताच टकटक सुरू करायचा.

दुसरी गोष्ट मी त्याला शिकवली ती वळशाची. रस्ता बंद असेल तर गाडी तिथेच उभी करून हॉर्न वाजवत बसू नये, दुसऱ्या गल्लीने जावं. 'घड्याळ' येत नसेल तर 'किती वाजले ते दाखवणारं' म्हणायचं. त्याला हे आवडत नसे. त्याला तो नेमका शब्दच हवा असे. मी म्हणायची, पोचणं महत्त्वाचं.

आमचं भांडण झालं ते एकाच शब्दावरून. मी मूळची बोस्टनकडची. चोविसाव्या वर्षी इकडे शिकवायला आले आणि राहिले. आमच्याकडे 'बॅग' म्हणतात. इथली माणसं 'बेग' म्हणतात, पोराटोरांपासून पाद्रीबुवांपर्यंत. जानेवारीत सरावाच्या चित्रांच्या पत्त्यांत बॅगेचं चित्र आलं. वेंडेल एका दमात म्हणाला, "बेग." कुठेही न अडखळता. मी सवयीने सुधारलं, "बॅग." तो म्हणाला, "बेग." मी तोंड मोठं उघडून दाखवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, टेबलावर एकच टकटक केली आणि चार महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलला.

"बाई, मी... त्या... बनवल्या. बेग."

खरंच होतं. त्याच्या गिरणीत किराणा दुकानांच्या बॅगांचाच तपकिरी कागद व्हायचा. मी पत्ता खाली ठेवला आणि त्या शब्दाला पुन्हा हात लावला नाही. आजारानेही जे त्याचं नेलं नव्हतं ते मी कशाला काढून घेऊ?

एप्रिल आला. तळघरात वह्यांची कपाटं उघडली, चीजचे ताजे तुकडे आले, हरणाच्या मांसाचे सॉसेज आले, ग्लेनने बिअरची पेटी जिन्याखाली ठेवली. शुक्रवारी पहिल्याच तासाला वेंडेलने फोन उचलला. संघाचा क्रमांक आधी सांगावा लागतो. "सत्ता... सत्ता..." एवढ्यात पलीकडून फोन ठेवला गेला. त्यांचाही इलाज नसतो. शंभरावर संघ आणि बारा फोन. डार्सीने पुन्हा लावून उत्तर दिलं. शनिवारी दुपारी क्रमांक नीट आला आणि 'बदक'च्या जागी 'बादली' आली. तो हसला नाही. बाकीचेही हसले नाहीत, तेव्हा तो चिडून वर निघून गेला आणि अर्ध्या तासाने परत येऊन खुर्चीत बसला.

त्या दोन प्रश्नांखेरीज सगळे फोन डार्सीने आणि ग्लेनने केले, खुर्चीशेजारी उभं राहून. दर वेळी आधी वेंडेलकडे बघायचे; त्याने नकाराची मान हलवली तरच उचलायचे. ज्या उत्तराबद्दल स्वतःला खात्री आहे तेच तो बोलणार होता.

रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटून दुसरा प्रश्न आला. एका मूकपटात नायक रात्रीच्या स्टेशनावर सामानघराच्या पाटीखाली उभा असतो. पाटीचे दिवे एकेक करून विझतात आणि तीनच अक्षरं पेटलेली राहतात. तो शब्द कोणता?

डार्सीने मूकपटांच्या वह्या ओढल्या, ग्लेनने दुसरं कपाट उघडलं. पहिलं गाणं सुरू झालं. वेंडेल हललाच नाही. मग त्याने टेबलावर टकटक केली आणि स्वतःच फोन उचलला. तो सिनेमा त्याने पाहिला होता. सामानघर म्हणजे इंग्रजीत बॅगेज, त्यातली पहिली तीन अक्षरं, बी-ए-जी.

"सत्तावीस," तो म्हणाला. "ओले मोजे." मग जराही न थांबता, "बेग."

पलीकडून मुलीने आभार मानले. त्याने फोन ठेवला तेव्हा पहिलं गाणंसुद्धा संपलं नव्हतं. ग्लेनने त्याच्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की काठी पडली. मला आठवतं, मी डार्सीचा हात धरला होता.

दुसरं गाणं संपल्यावर रेडिओवर उत्तर आलं. "बॅग." मग बरोबर उत्तर दिलेल्या संघांची नावं, नऊ. त्यांत ओले मोजे नव्हते.

काय झालं ते मला लगेच कळलं. प्रश्नच शब्दाचा होता. फोनवरची मुलगी इथली नसणार. 'बेग' म्हणजे इंग्रजीत भीक माग. अक्षरं त्याचीही तीनच. तिने ऐकलं तसं लिहिलं. जानेवारीत मी जरा नेट लावला असता, तर त्याने 'बॅग' म्हटलं असतं.

तक्रारीचा एक वेगळा फोन असतो. नियम असा, की ज्याने उत्तर सांगितलं त्यानेच बोलायचं, एकदाच. नाहीतर प्रत्येक संघाचा वकील तासभर वाद घालत बसेल. डार्सी म्हणाली, "बाबा, राहू द्या. आपल्याला माहीत आहे ना तुमचं बरोबर होतं." ग्लेनने मात्र पडलेली काठी उचलली आणि खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवली. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, मला ती खुर्ची अशी नको. बोलून हरलास तर दे, नाहीतर ठेव."

वेंडेलने फोन लावला. डार्सीने बटण दाबून आवाज खोलीत सोडला. ज्याने उत्तर लिहिलं त्यालाच तिथे बोलावतात, त्यामुळे मुलगी तीच होती. नाव मरिसेला, ॲरिझोनाहून आलेली, पहिलं वर्ष. आवाज थकलेला होता, पण ती नीट बोलत होती. तिने कागद काढून वाचला. "सर, तुम्ही 'बेग' सांगितलंत. मी तेच लिहिलंय."

"हो," वेंडेल म्हणाला. "बेग."

"पण उत्तर बॅग आहे."

"हो. बेग."

ग्लेनने डोक्याला हात लावला. अक्षरं सांगता आली असती तर तीन अक्षरांचं काम होतं, पण ती त्याच्याकडे नव्हती. 'पिशवी' म्हणून सुटला असता, पण त्यातला 'श' त्याचा सहा महिन्यांचा वैरी. त्याने ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मला त्याच्याऐवजी बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी त्या वेळी बोलू नये हे छत्तीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवलं आहे. मी फक्त माझं बोट टेबलावर ठेवलं. टकटक केली नाही.

"सर, अजून काही सांगायचंय का?" मरिसेला म्हणाली.

वेंडेलने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग टेबलावर स्वतःचं ठेवलं.

"पोरी," तो म्हणाला. टक. "दुकान." टक. "दूध. अंडी." टक, टक. "घरी. नेतेस." मग मोठा श्वास. "कशात?"

"काय?"

"प्रश्न," वेंडेल म्हणाला. "तुला."

पलीकडे मागे कुणीतरी हसलं, गावातलाच पोरगा असावा. आणि मग मरिसेलाचा आवाज आला, सावकाश, आपण काय म्हणतोय ते म्हणता म्हणताच कळत असल्यासारखा.

"बॅगेत."

"तेच," वेंडेल म्हणाला. "मी बनवल्या."

तिने थांबायला सांगितलं. मागे ती कुणाला तरी विचारत होती, की इकडे बॅगला काय म्हणतात. आणि तो पोरगा म्हणाला, बेगच म्हणतात, दुसरं काय म्हणणार. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. होय की नाही, ते कुणी सांगितलं नाही.

शेवटचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच आलं नाही. सहाला पाच कमी असताना रेडिओवरचा मुलगा म्हणाला, की मागच्या प्रश्नाच्या यादीत एक दुरुस्ती आहे. दहावा संघ, क्रमांक सत्तावीस. आणि पुढे म्हणाला, की त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच एका संघाने रेडिओला प्रश्न विचारला, आणि रेडिओला उत्तर आलं.

आम्ही एकोणिसाव्या नंबरावर आलो. गेल्या वर्षी सोळावे होतो. डार्सीने वह्या कपाटात लावल्या, मी ताटल्या गोळा केल्या. आवराआवरीत वेंडेल पाणी प्यायला उठला, आणि तीन दिवस उभ्याने फोन केलेला ग्लेन बिअरचा कॅन घेऊन नकळत त्या लाकडी खुर्चीत टेकला. वेंडेल परत आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. तो शब्दासाठी थांबला नाही, त्याने टकटकही केली नाही.

"ऊठ," तो म्हणाला.