रंगूबाई विमानात शिरली

पंचेचाळीस सालचा चैत्र. कवठे महांकाळच्या पुढं माळावर मिलिटरीनं कच्ची धावपट्टी केली होती. सांगलीकडून गूळ, डाळ, तांदूळ ट्रकनं यायचा आणि विमानात भरून फौजेकडं जायचा. धावपट्टीपासून मैलभरावर लालासाहेब सूर्यवंशीचं रान होतं. लालासाहेब हवालदार होता. ब्रह्मदेशातल्या लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून कुबडी घेऊन घरी होता.

त्या दिवशी दुपारी त्याची बायको रंगूबाई रानात ज्वारीची धसकटं वेचत होती. लालासाहेब बांधावर बसला होता. विमान उठलं, डोक्यावर आलं आणि त्याचा आवाज एकाएकी तुटला. लालासाहेबानं मान वर केली.

"एक इंजन बंद पडलं," तो म्हणाला, आणि तेवढ्यात विमान कलंडून ओढ्यापलीकडच्या खडकाळीवर आदळलं.

लालासाहेब पोचेपर्यंत वस्तीवरची पंधरा-वीस माणसं जमली होती. विमानाचं नाक चेपलं होतं, दार दबून बसलं होतं. एका पंखाला आग लागली होती. कुणी पुढं सरत नव्हतं.

"गोऱ्याचं इमान हाय, जळू दे की," वस्तीवरचा नानासो म्हणाला. त्याचा थोरला भाऊ बेचाळीसच्या मोर्चात पकडला गेला होता, अजून तुरुंगात होता.

लालासाहेबाचा आवाज चढला. "नानासो, बर्मात आमी अठरा दिवस वेढ्यात हुतो. दाणा न्हवता. अशाच इमानानं वरनं शिधा टाकला म्हणून मी हितं हुबा हाय. आत कोन हाय त्ये बगा आदी!"

आतून कण्हण्याचा आवाज आला. विमानाच्या कुशीला पत्रा फाटून भगदाड पडलं होतं, पण ते जेमतेम हातभर रुंद. लालासाहेबानं कुबडी टाकली, खांदा घालून पाहिला, अडकला. बाकीचे गडीही त्यात मावणारे नव्हते.

"सरा," रंगूबाई म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला.

लालासाहेबानं तिचा दंड धरला. "आग हाय."

"दिसतीया मला."

त्यानं हात सोडला. ती आत गेली.

आत धूर आणि वितळलेल्या गुळाचा वास. पुढच्या बाजूला दोघं खुर्चीतच निपचित पडले होते, तिसरा दाराशी. तिनं तिघांच्याही नाकाशी हात धरला. श्वास नव्हता. मागं चौथा, मिसरूड फुटलेला एक शिपाई, कंबरेपर्यंत पोत्यांखाली गाडला गेला होता. तो तिला काही म्हणाला. ती भाषा तिला कळली नाही.

तिनं एक-एक पोतं भगदाडाकडं ढकललं. बाहेर पहिलं पोतं ओढलं ते नानासोनं. मग सगळेच पुढं झाले.

"बाई, बाहीर या! पंख जळून खाली आला!" कुणीतरी ओरडलं.

"आजून दोन पोती हायती!"

शेवटी शिपायाचे पाय मोकळे झाले. तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि मागं मागं सरकत त्याला भगदाडापाशी आणलं. बाहेरून नानासोनं त्याला उचलून पाठीवर घेतलं. रंगूबाई बाहेर पडली, सगळे ओढ्याच्या काठाखाली पोचले, आणि सगळ्या विमानानं पेट घेतला. उकळत्या गुळानं आणि तापल्या पत्र्यानं तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. लालासाहेबानं डोक्याचा पटका सोडला, ओढ्यात भिजवला आणि तिच्या हातांना गुंडाळला.

दोन महिन्यांनी साताऱ्याहून बोलावणं आलं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात, मांडवाखाली, मेजरसाहेबानं कागद वाचला. जखमी सैनिकाला जळत्या विमानातून बाहेर काढल्याबद्दल हवालदार लालासाहेब सूर्यवंशी यांचा सन्मान.

लालासाहेब कुबडी टेकत पुढं गेला. सलाम ठोकला.

"साहेब, कागदात चूक हाय. मी भाईर हुबा हुतो. आत गेली ती माझी बायको." तो थांबला. वीस वर्षांच्या संसारात त्यानं चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "रंगूबाई लालासाहेब सूर्यवंशी. ती बगा, तितं बसलीया."

मेजरसाहेब चौथऱ्यावरून खाली उतरला, बायकांच्या रांगेपर्यंत चालत गेला आणि तिच्यासमोर उभा राहून त्यानं कडक सलाम केला. मागं शेकडो म्हातारे-तरणे फौजी आपोआप उठून उभे राहिले.

रंगूबाई गोंधळली. तिनं एवढंच विचारलं, "त्यो पोरगा चालतोय का आता?"

"चालतोय, बाई. पुण्याच्या दवाखान्यातून गेल्या आठवड्यात घरी गेला."

"मग बरं झालं."

परतीच्या सर्व्हिस मोटारीत लालासाहेबाला आवरणं अवघड झालं. शेजारच्याला सांगितलं, पुढच्याला सांगितलं, कऱ्हाडला चढलेल्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रंगूबाईनं आधी पदरानं तोंड झाकलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"आवं, पुरं की आता."

"का पुरं? हजार माणसं हुबी ऱ्हायली तुज्यासाठनं! मी पलटणीत कमांडरसाठनं बी तसं बगितलं न्हाई."

मोटार हसली. रंगूबाईही हसली. मग डागाळलेले हात मांडीवर ठेवून ती हळू म्हणाली,

"सांगताय तर सगळं सांगा. तिघं आतच गेलं. त्यांचं बी सांगा."

"व्हय," लालासाहेब म्हणाला, आणि त्यानं त्या तिघांचंही सांगितलं.