थोरल्याच्या कळ्या

त्या गुरुवारी सकाळी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणतायत कळ्या?”

मी गॅलरीत कुंडीपाशी वाकले. थोरल्याच्या फांद्यांच्या टोकांवर पालवीच्या कळ्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. तपकिरी खवल्यांमधून लाल रेघ दिसत होती. मंगळवारी ती मला पहिल्यांदा दिसली होती. आता ती जवळजवळ प्रत्येक कळीवर होती.

“मिटलेल्या आहेत अजून,” मी म्हणाले.

थोरला म्हणजे आमच्याकडचा मेपल, कुंडीत खुजा राखलेला बोन्साय. आमच्या थंड, डोंगराळ गावात बाबा छपाईचे खिळे जुळवायचे त्या छापखान्यामागच्या गटाराकडेला ते बोटभर रोप उगवलं होतं. रुमालात गुंडाळून त्यांनी ते घरी आणलं आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी झाले, म्हणून तो थोरला. चौतीस वर्षांत तो जेमतेम दीड वीत वाढला. बाबांचे डोळे छापखान्यातच थकले होते, त्यात मोतीबिंदू. ऑपरेशन त्यांनी बोन्सायचं वार्षिक प्रदर्शन होईपर्यंत पुढे ढकललं होतं. बोटांनी चाचपायला जावं तर कळी गळून पडते. एकदा तशी पडली, तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नव्हते. त्यामुळे महिनाभर त्यांच्यासाठी मी बघत होते.

बघायचं ते एवढंच, की कुंडी बदलायची वेळ झाली का. हिवाळा सरत आला की कळ्या फुगून रंग धरतात, पण पानं उघडायला अजून आठ-दहा दिवस असतात. मुळं कापायची ती तेवढ्यातच. पानं उघडल्यावर कापली तर झाड सहसा वाचत नाही. खरं तर थोरल्याची कुंडी गेल्या वर्षीच बदलायची होती. पण प्रदर्शनात झाड कुंडीत मुरलेलं दिसावं लागतं, म्हणून बाबांनी एक वर्ष ओढून नेलं. आता आत मुळांची इतकी दाटी झाली होती, की पाणी घातलं तर वरच तळं साचायचं.

प्रदर्शनाला नऊ दिवस होते. मधलं मोठं टेबल बाबांना मिळालं होतं, तीस वर्षांत पहिल्यांदा.

“रंग धरला तर नाव मागे घ्यायचं,” ते म्हणाले. हे ते रोज म्हणत. “हॉलमध्ये तीन दिवस हीटर चालू. घरी येईपर्यंत पानं उघडतील, मग काय करणार? टेबल कुठे पळून जातंय.”

त्यांचा चेहरा मात्र वेगळं सांगत होता. निवडीचं पत्र ते शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आले होते.

“मिटलेल्या आहेत, बाबा.”

आई आतून म्हणाली, “चौतीस वर्षं त्याला रोज पाणी विचारताय. मला कधी विचारलंत?”

“तू कुंडीत कुठे मावतेस,” बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

शुक्रवारी सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी खाली बसले. ॲम्ब्युलन्सची माणसं जिना चढेपर्यंत सगळं संपलं होतं.

माणसं येत राहिली. चहाचे कप धुताना मी खिडकीतून थोरल्याकडे बघत होते. बुधवारी एका कळीच्या टोकाशी घडी घातलेल्या पानाची कड दिसली. अजून एक-दोन दिवस हातात होते, त्याहून जास्त नाहीत.

प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. बाबांच्या जागी बाबांचंच झाड ठेवायचं, खाली त्यांचं नाव लिहायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ते ऐकून आई सहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठली. टेबलावर अंथरायचं राखाडी कापड तिने कपाटातून काढलं आणि उभ्याने इस्त्री करायला घेतलं. घडीवर घडी, सावकाश.

“आई, या वर्षी राहू दे का?” मी विचारलं. “झाडाला सोसायचं नाही.”

“कोण म्हणतं?”

“मला वाटतं.”

“तुला वाटतं.” तिने इस्त्री उभी ठेवली. “ह्यांनी माझ्यादेखत फोनवर सांगितलं, कळ्या मिटलेल्या आहेत. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळायला लागलं?”

मी टेबलावरचे कप उचलून आत गेले.

शुक्रवारी दहा वाजता सेक्रेटरी लाकडी खोका घेऊन आले. गॅलरीत उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवून कळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

“आठ दिवसांत बरीच मजल मारली की ह्याने.”

“म्हणजे?” आईने विचारलं.

“वहिनी, खरं सांगायचं तर आज ह्याची कुंडी बदलायला हवी. हॉलमधून परत येईल तेव्हा उशीर झालेला असेल. पण गेल्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, थोरला येतोय, मी खात्री करून घेतलीय. आता तो माणूस खात्री केली म्हणाल्यावर मी कोण बोलणार?”

“न्या,” आई म्हणाली. “जगला तर जगला. त्यांनी विचार करून ठरवलंय ना? निदान एवढं तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे.”

सेक्रेटरींनी मान हलवली आणि दोन्ही हात कुंडीखाली घातले. कुंडी फळीवरून उचलली गेली. इस्त्री केलेलं कापड छातीशी धरून आई वाट करून द्यायला बाजूला सरकली. तिच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा थोडी निवांत झाक होती आणि ती मी पुसणार होते.

मी दारात आडवी उभी राहिले.

“अगं, जड आहे, सरक,” सेक्रेटरी म्हणाले.

“खाली ठेवा, काका.”

“आता काय झालं तुला?” आई म्हणाली.

“आई, त्यांनी नाही ठरवलं. त्यांना दिसत नव्हतं, माझ्या सांगण्यावर ते चालले होते. कळ्यांनी मंगळवारीच रंग धरला होता. ते रोज विचारत होते आणि मी रोज मिटलेल्या आहेत म्हणून सांगत होते. ते टेबल त्यांना मिळावं म्हणून मी बाबांशी खोटं बोलले.”