शेला नेमका कोणता?

मी एक जुना शेला आहे. माझा जन्म येवल्याच्या मागावरचा. मित्रांनो, पूर्वी बायका नऊवारी नेसल्या की खांद्यांवरून शेला नाहीतर शाल घेतल्याशिवाय चारचौघांत जात नसत. सुजाताच्या आजीने, मंदाबाईंनी, मला असेच मिरवले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझा जरीकाठ चाचपून बघत. तेव्हा मी जरा शेफारलोच होतो.

मंदाबाईंच्या मागे मी सुजाताकडे आलो आणि तिच्याबरोबर कुवेतला. हवल्लीतल्या फ्लॅटमध्ये तिने मला मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवले. "जुना आहे, विरेल," म्हणून कधी अंगावर घेतले नाही. माणसे याला जपणे म्हणतात.

मग तिच्या लेकीचे, आर्याचे, लग्न ठरले. नवऱ्यामुलाच्या उपरण्याशी माझीच गाठ बांधायची, असा सुजाताचा हट्ट. काठ थोडा उसवला होता, म्हणून मला मूळच्या रत्नागिरीच्या रियाजभाईंच्या हवल्लीतल्याच शिलाईच्या दुकानात दिले. आर्याच्या बाबांनी, सुभाषनी, फोन केला, "आमचा शेला तयार ठेवा." इथेच घोटाळा झाला. कुवेतमध्ये बायकांच्या डोक्यावरच्या काळ्या ओढणीलाही शेलाच म्हणतात, आणि मला रियाजभाई नुसती शाल समजत होते. त्यांनी एका कुवेती आजींचा काळा शेला सुभाषच्या पिशवीत घातला आणि उरलेली शाल आजींची समजून मला त्यांच्याकडे धाडले.

आजींनी मला उलगडले, खांद्यांवर घेतले आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. खरे सांगतो, मला परत जावेसे वाटेना.

लग्नाच्या सकाळी तिकडे हॉलवर पिशवी उघडली.

"ममा, धिस इज ब्लॅक!" आर्या किंचाळली.

सुभाषनी फोन लावला. "तुम्ही शेला बोललात, मी शेलाच दिला ना!" रियाजभाई म्हणाले. मग चूक ध्यानात आली आणि ते गाडी काढून आजींकडे धावले. मंगलाष्टके संपता संपता मला घेऊन पोचले. गाठ बसली.

"आजी आरशासमोरून हलत नव्हत्या, भाभी. परत द्यायला जीव होत नव्हता त्यांचा," रियाजभाईंनी सांगितले.

"परक्या बाईने पांघरला?" सुजाता रागावली. मग तिने माझ्या काठावरून हात फिरवला. "आणि मी एकदाही नाही," ती हळूच म्हणाली.

विधी आटोपून गाठ सोडली, तेव्हा तिने माझी घडी घातली नाही. मला खांद्यांवर घेऊनच तिने लेकीला निरोप दिला आणि माझ्याच काठाने डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण अंगावर घेऊन जपा. रेशमावर त्या दिवशीचा डाग राहिला आहे. तो काढायला मला कोणी दुकानात देऊ नका.