दिवस मावळायच्या आत

आदगोंडाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. फटफटी घेतल्यापासून तर रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर आपल्याच जिवावर उठलाय असं त्याला वाटायचं. दुष्काळ सरला त्या वर्षी आष्ट्याच्या नाक्यावर त्यानं एका टेम्पोवाल्याला खाली ओढून बडवलं होतं. म्हणून आज सांगलीला निघताना आईनं, कस्तुरीबाईनं, त्याला गळ्याची शपथ घातली.

"भैनीच्या, गुणमालेच्या सोयरिकीला चाललायस. वाटंत कोन कसं बी गाडी मारू दे, तू भांडायला उतरायचं न्हाई."

मागं रायगोंडामामा बसले. आज होकार द्यायचा हे मामांनी घरातूनच ठरवलेलं. मुलगा भूपाल आपल्यातलाच जैन, नियमाचा पक्का, पाणी गाळून पिणारा, दिवस मावळल्यावर घासाला न शिवणारा. जो तो त्याची स्तुती करत होता आणि तिथंच आदगोंडाच्या मनात पाल चुकचुकत होती.

"इतकं चांगलं कोन असतंय व्हय, मामा?"

"तुला देव भेटला तर त्याचं बी लायसन मागशील तू."

उन्हं कलली आणि मागून हॉर्न कोकलायला लागला. आदगोंडानं गाडी डावीकडे घेतली. समोरून उसाची बैलगाडी येत होती, तरी हिरवी जीप मधे घुसलीच. फटफटी चरात गेली. मामांचा गुडघा फुटला. जीपवाल्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. दिसली फक्त मागची पिवळी रंगवलेली स्टेपनी.

आदगोंडानं गाडी उभी करून किक मारली. मनात आणलं असतं तर पुढच्या गावाच्या आत त्यानं जीप गाठली असती. सोयरीक मोडायला कुणीतरी मुद्दाम माणूस घातलाय, असंही त्याच्या डोक्यात येऊन गेलं. पण आईचा गळा आठवला. त्यानं मामांच्या गुडघ्याला रुमाल बांधला आणि सावकाश गाडी हाकली. राग गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

भूपालच्या दारात पिवळ्या स्टेपनीची जीप उभी होती.

मामा लंगडत थेट ओसरीवर गेले, त्यांनी काही पाहिलं नाही. आदगोंडाच्या कपाळाची शीर उडायला लागली. जीप घरची असली तरी चालवणारा कुणी दुसराच असेल, अशी त्यानं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या संशयाची समजूत घातली आणि पायरी चढला.

आत पाट मांडलेले होते, गरम भाकरीचा वास सुटला होता. भूपाल हातपाय धुऊन आला आणि मामांच्या पाया पडला.

"बसा लवकर, दिवस जाईल. मी बी आत्ताच उंब्रजास्नं आलो. पन नियम मोडू दिला न्हाई."

"लय जोरात आला असशीला," आदगोंडा म्हणाला.

"यावं लागतंय. वाटंत एक फटफटीवाला आडवा आला. पडला असंल चरात."

"थांबून बघितलं न्हाई?"

"थांबलो असतो तर दिवस मावळला असता की," भूपाल हसून म्हणाला.

मामांचा हात आपसूक गुडघ्यावरच्या रुमालाकडे गेला. त्यांनी आदगोंडाकडे बघितलं. आता हा भूपालची गचांडी धरणार, असंच त्यांना वाटलं.

आदगोंडा पाटावरून उठला. त्यानं शांतपणे हात जोडले.

"आमची गुणमाला चालायला हळू हाय. तुमाला उशीर हुईल."

दोघं बाहेर आले तेव्हा सूर्य बुडाला होता.

"आता सकाळपातूर उपाशी," मामा म्हणाले.

"राहू की. आपली एक रातच हाय, गुणमालेचा जलम हुता."

मामा मागं बसले आणि त्यांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.